एका जागी दोनदा नाही

"कालच्या जागी नाही हं," मैतूच्या चड्डीच्या खिशात कांदा कोंबत आई म्हणाली. "आणि परवाच्याही नाही."

"कळतं मला."

"कळतं तर मंगळवारी मनीषनगरला दोनदा काहून गेली होतीस?"

"एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. दिवस एकच होता ना?"

"जास्त शहाणपणा नको करू, वैजू. शलाका काही डोळे मिटून बसली नाही तिकडे."

मी स्कूटीची किल्ली बोटाभोवती फिरवत दारात उभी होते. कधी एकदा निघते असं झालं होतं. संध्याकाळचे पाच वाजत आले होते, तरी बाहेरची हवा तोंडावर भाजत होती. मे महिन्यातलं नागपूर ते. पारा पंचेचाळिसाच्या खाली यायचं नाव घेत नव्हता. लहान पोराच्या खिशात कांदा ठेवला की त्याला ऊन लागत नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत. मी शाळेत गणित शिकवते, माझा तिच्यावर विश्वास नाही, पण आईपुढे तसं म्हणायची माझी टाप नव्हती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बैठकीत कूलरसमोर बसले होते. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "आज कुठं?"

"त्रिमूर्तीनगर. बागेतलं."

"बरं. सांभाळून जा."

मैतू माझ्या भावाची, श्रीरंगदादाची मुलगी. साडेचार वर्षांची. फेब्रुवारीत दादा आणि शलाकावहिनीचं भांडण इतकं विकोपाला गेलं, की वहिनी घर सोडून जरीपटक्याला मावशीकडे राहायला गेली. त्या दिवसांत मैतूच्या अंगावर कांजिण्या होत्या. मावशीकडे तान्हं नातवंड होतं, म्हणून वहिनी तिला चार दिवसांसाठी आमच्याकडे ठेवून गेली. "खपल्या पडल्या की नेते," म्हणाली. त्या चार दिवसांत दादानं दाराचं कुलूप बदललं, तिचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनवरून ब्लॉक केला आणि वकील गाठला. चार दिवसांचे चार महिने झाले. मैतू कुणाकडे राहणार ते जूनमधल्या तारखेला कोर्ट ठरवणार होतं. तोवर तिला शलाकाच्या नजरेस पडू द्यायचं नाही, दिसली तर ती उचलून नेईल, असं दादानं सगळ्यांना बजावलं होतं.

पण साडेचार वर्षांच्या पोरीला घरात डांबणार किती? ती दिवसभर दाराशी जाऊन उभी राहायची. "मम्मा कधी येणार?" हा प्रश्न तिनं एका दुपारी किती वेळा विचारला ते मी मोजायला गेले आणि मध्येच सोडून दिलं. मग एकदा मी तिला मैत्रिणीच्या सोसायटीत नेलं. तिथे नवीन स्प्लॅश पॅड केलं होतं. जमिनीतून उडणारे फवारे, मधोमध एक प्लॅस्टिकचा बेडूक, वर भरून उलटी होणारी बादली. दीड तास पोरगी पाण्यात होती. त्या दीड तासात तिनं मम्माचं नावही काढलं नाही.

झालं, आमचा उद्योग ठरला. त्या एक-दोन वर्षांत स्प्लॅश पॅडचं फॅडच आलं होतं. ज्या नव्या सोसायटीत बघावं तिथे फवारे, दोन-चार बागांतही झालेले. मी ओळखीपाळखी काढल्या, कुणाच्या शाळेतल्या मैत्रिणीची नणंद, कुणाचा मामेभाऊ, आणि यादी केली. बेसा, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, नरेंद्रनगर, हिंगणा रोडवरची टाऊनशिप. आज हे, उद्या ते. लागोपाठ एका जागी दोनदा नाही, ही दादाची ताकीद.

मला स्वतःला कुठे पाच मिनिटं स्वस्थ बसवत नाही. लोकांना वाटायचं आत्या किती हौशी, भाचीला रोज नवीन ठिकाणी नेते. मी मात्र झाडाखाली बसून सारखी इकडेतिकडे बघत असायची. फाटकातून कोण आलं, बाकावर कोण बसलं, कुणाची उंची वहिनीएवढी आहे. बघून उपयोग काय होता? मे महिन्यात नागपूरच्या बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. त्या पाण्याभोवती वीस बायका असल्या तर वीसही जणी सारख्या दिसायच्या. मी चेहरा शोधत होते, आणि चेहरा तिथे एकीचाही दिसत नव्हता. हे माझ्या डोक्यात यायला तीन आठवडे लागले.

घरी सगळे खूश होते. मैतू शांत झाली होती. रात्री रडायची थांबली होती. दाराशी उभं राहणंही बंद झालं होतं.

"विसरली बघ," आई दादाला म्हणाली. "लेकरांचं असंच असते. चार दिवस हट्ट, मग काही नाही."

"मम्मा पाण्यात होती," मैतू वरणभाताचा घास तोंडात ठेवून म्हणाली.

"हो का? आणि बेडूक काय म्हणाला?"

"बेडूक म्हणाला, माझ्या तोंडात पाय नको घालू."

आम्ही सगळे हसलो. बेडूक तिच्याशी रोज बोलायचा. बादलीलाही तिनं नाव ठेवलं होतं. तेव्हा पाण्यातल्या मम्माकडे कोण लक्ष देणार? अण्णा तेवढे हसले नाहीत, पण अण्णा तसेही फारसे हसत नसत.

त्रिमूर्तीनगरच्या त्या संध्याकाळी मी मैतूला पुसायला घेतलं. ओल्या चड्डीचा खिसा उलटा केला तर दोन कांदे हातात आले. एक लाल, सकाळच्या टोपलीतला, आईनं ठेवलेला. दुसरा पांढरा.

आमच्या घरी पांढरा कांदा येत नाही. दादाला त्याची चव आवडत नाही, त्यामुळे आई आणतच नाही. मी तो हातात धरून उभी राहिले.

"मैतू, हा कुणी दिला?"

"मम्मानी."

"कोणत्या मम्मानी?"

"माझ्या," ती म्हणाली, आणि काय वेडी आत्या आहे अशा नजरेनं माझ्याकडे बघून चप्पल शोधायला लागली.

मी दोन्ही कांदे झुडपात फेकून दिले. घरी काही बोलले नाही. का नाही बोलले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आधी स्वतः बघावं, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी बेसा. सोसायटीतलं पॅड. मी नेहमीसारखी झाडाखाली बसले नाही. मैतूला पाण्यात सोडलं, "मी इथंच आहे" म्हटलं आणि पंपाच्या खोलीच्या मागे जाऊन उभी राहिले. दहा मिनिटं काही झालं नाही. मुलं किंचाळत होती, बादली दोनदा उलटी झाली. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग जांभळ्या फुलांचा स्कार्फ गुंडाळलेली एक बाई बाकावरून उठली आणि पाण्याच्या कडेला उकिडवी बसली. मैतू धावत तिच्याकडे गेली. हाक नाही, हसणं नाही, जसं काही रोजचंच. तिनं आपला ओला हात त्या बाईच्या स्कार्फच्या आत घातला आणि गालावर ठेवून दिला. बाईनं मान कलती करून तो हात गाल आणि खांद्याच्या मध्ये धरून ठेवला. दोघी तशाच बसून राहिल्या.

मी तरातरा गेले. मैतूचा दुसरा दंड धरला.

"चल घरी."

"आत्या, आत्ताच तर आलो!"

"चल म्हणते ना!"

बाईनं गॉगल काढला. वहिनीच होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बाकी तीच.

"वैजू, ओरडू नको," ती हळू म्हणाली. "लोकं बघून राहिले. मी नेत नाही तिला कुठं. न्यायचं असतं तर केव्हाच नेली असती. पंधरा दिवस झाले मला येऊन."

"पंधरा?"

"मधले दोन सोडून. त्या दोन दिवशी लॅबमधून सुट्टी नाही झाली."

माझं डोकं फिरलं. पंधरा दिवस मी राखणदार म्हणून बसत होते, आणि माझ्या नाकाखाली हे चाललं होतं! "तुला सांगते कोण? आम्ही रोज जागा बदलतो. कोण सांगतं तुला?"

"ते नको विचारू."

"माझी मैत्रीण? बेसाची नीता?"

"नाही."

"मग मी आत्ताच्या आत्ता दादाला फोन करते."

तिनं माझा हात धरला. "अण्णा," ती म्हणाली. "अण्णा सांगतात. तुम्ही निघाल्या की खाली जाऊन दूधवाल्याच्या फोनवरून करतात. जागेचं नाव सांगतात आणि ठेवून देतात. जेवलीस का, एवढंही कधी विचारत नाहीत. फक्त नाव."

आज कुठं? बरं. सांभाळून जा.

मी मैतूचा दंड सोडला. ती लगेच बेडकाकडे पळाली. मी वहिनीच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले, कपडे भिजले तरी. अण्णा, जे घरात दादाच्या आवाजापुढे वर बघत नसत. जे भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नसत.

"कांदा काहून ठेवला तिच्या खिशात?" मी विचारलं.

वहिनीला ते आठवेना. मग आठवलं तशी ती कपाळावर हात मारून म्हणाली, "खिसा चाचपला तर रिकामा वाटला गं. तिचा खाली सरकला असेल. माझ्या पर्समधला घातला. हात आपोआपच गेला बघ."

रडू की हसू असं झालं मला. सगळं इतकं जपून केलं, तोंड झाकलं, आवाज काढला नाही, आणि पकडली गेली ती पोरीला ऊन लागू नये म्हणून.

मी उठले. "फाटकाबाहेर बर्फाच्या गोळ्याची गाडी आहे," म्हटलं. "गर्दी आहे तिथं. मला अर्धा तास तरी लागेल."

वहिनीनं स्कार्फच्या टोकानं डोळे पुसले.

त्यानंतरचे वीस दिवस मी आयुष्यात कधी खाल्ला नव्हता इतका बर्फाचा गोळा खाल्ला. काला खट्टा, रोझ, कच्ची कैरी. जीभ निळी घेऊन मी फाटकाबाहेर येरझारा घालायची. घड्याळ बघायची. ओळखीची गाडी दिसली की पाठ फिरवून उभी राहायची. आतून मैतूच्या खिदळण्याचा आवाज यायचा, त्यात वहिनीचा आवाज कधी मिसळला तर मला कळायचा.

आणि घरून निघताना अण्णांनी विचारलं, "आज कुठं?" की मी मुद्दाम स्पष्ट आवाजात सांगायची, "नरेंद्रनगर, अण्णा. पाण्याच्या टाकीजवळचं." ते "बरं" म्हणायचे. बस. आमच्यात याबद्दल एक शब्द झाला नाही. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. पहिल्यांदा मी टाकीची खूण मुद्दाम सांगितली, तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे दोन क्षण बघितलं होतं. त्यांच्याशी मी जन्मात इतकी जवळ आले नव्हते.

एकदा मात्र माझा जीव जायचा राहिला. आम्ही हिंगणा रोडच्या टाऊनशिपमध्ये होतो. मी गोळा घेऊन वळते तर समोर दादा. ऑफिसातून लवकर सुटला होता आणि पोरीला बघायला सरळ तिथे आला होता.

"तू बाहेर काय करून राहिली?" तो म्हणाला. "पोरगी एकटी आत?"

"गोळा... तिलाच पाहिजे होता."

तो झपझप आत गेला, मागोमाग मी. वहिनी पाण्याच्या कडेला बसलेली. दादाला बघून ती उठली नाही, की हलली नाही. गॉगल लावलेला, स्कार्फ बांधलेला. तशा आणखी दहा-बारा जणी होत्या. दादा तिच्यापासून चार पावलांवर उभा राहिला, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरला. मैतूला उचलून त्यानं बादलीखाली धरलं. दोघांच्या डोक्यावर सगळी बादली रिकामी झाली. दादाला मी किती महिन्यांनी हसताना बघत होते.

"पप्पा, मम्मा," मैतू म्हणाली आणि बोट दाखवलं.

दादानं वळून बघितलं. त्याची नजर एकेका बाईवरून फिरली, वहिनीवरूनही फिरली आणि पुढे गेली. आठ वर्षं संसार केलेल्या बाईला त्यानं ओळखलं नाही. त्याचं हसू गेलं. त्यानं मैतूचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "अजून अशी आठवण काढते का गं ती?"

"कधी कधी," मी म्हटलं.

त्याच्या ओल्या शर्टाकडे बघून मला त्याची दया आली. वहिनीची आली होती, आता याची. कुणावर रागवायचं तेच कळेनासं झालं. परत निघालो तेव्हा वहिनी अजून तिथेच, त्याच जागी बसलेली होती.

तारखेच्या आधीचा रविवार. दुपारची वेळ. अण्णा खिडकीतून पाइप घालून कूलरमध्ये पाणी भरत होते. आई पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्या कुस्करत होती. मैतू माझ्या पलंगावर झोपली होती. चार महिने ती माझ्याजवळच झोपत होती, एक पाय माझ्या पोटावर टाकून. दादा वकिलाकडून आला आणि त्यानं दोन टाइप केलेले कागद टेबलावर ठेवले.

"वैजू, हा वाच आणि सही कर. एक तुझा, एक अण्णांचा."

मी वाचलं. मी अमुक तमुक, वय एकोणतीस, प्रतिज्ञेवर सांगते, की फेब्रुवारीपासून आजपर्यंत मुलीची आई मुलीला भेटायला एकदाही आली नाही, भेटण्याचा तिनं एकदाही प्रयत्न केला नाही, मुलीला रोज बाहेर खेळायला नेत असताना ती कधीही कुठेही दिसली नाही.

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. रोज जागा का बदलायची, ते त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं. ती उचलून नेईल ही भीती एक, पण हे दुसरं. तिला सापडू द्यायचं नाही, आणि मग म्हणायचं की तिनं शोधलंच नाही.

"हे... असं लिहायला पाहिजे का?" मी म्हटलं.

"काहून? खोटं आहे का काही? तू तर रोज सोबत होतीस." दादा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "हे बघ, तिची नाशिकला बदली होऊन राहिली. लॅबची तिथं शाखा निघाली. मैतू तिच्याकडे गेली, की गेली. वर्षातून दोन वेळा दिसेल आपल्याला. पाहुण्यासारखी. मग तू काय आणि मी काय, सारखेच."

नाशिकचं मला वहिनी बोलली नव्हती.

आता इतक्या वर्षांनी मी सरळ सांगू शकते. मला दादाची दया आली म्हणून नाही, की आईची भीती वाटली म्हणूनही नाही. मला मैतू हवी होती. माझं लग्न जमत नव्हतं, जमेल असंही वाटत नव्हतं, आणि चार महिने एक पोर माझ्या कुशीत झोपत होतं. रोजचा अर्धा तास मी वहिनीला देत होते, तो मला आवडायला लागला होता, कारण देणारी मी होते. मैतू आमच्याकडे राहावी, वहिनीनं स्कार्फ बांधून संध्याकाळी यावं, मी गोळा आणायला जावं, आणि हे असंच चालू राहावं. असं काही मी मनात धरून बसले होते. नाशिक त्यात कुठेच नव्हतं.

मी पेन घेतलं आणि सही केली. खाली तारीखही घातली.

"अण्णा, तुमची," दादा म्हणाला.

अण्णांनी नळ बंद केला. पाइप खिडकीबाहेर टाकला. पंच्याला हात पुसून ते टेबलाशी आले, चष्मा लावला आणि सगळा कागद वाचला. मग बाजूचा माझाही वाचला. माझ्या सहीवर त्यांची नजर थांबली. मी मान खाली घातली. आत्ता ते माझ्याकडे बघतील, आत्ता म्हणतील, म्हणून माझे कान तापले होते.

"हे खोटं आहे, श्रीरंग," ते म्हणाले.

"काय खोटं आहे?"

"शलाका येत होती. रोज. मी तिला फोन करून जागा सांगत होतो."

आईच्या हातातली कैरी पातेल्यात पडली. "अहो, काय बोलून राहिले तुम्ही!"

"माय आहे ती त्या पोरीची," अण्णा आईला म्हणाले. "चार दिवसांसाठी ठेवून गेली होती. आपण दार लावून घेतलं. कोर्टात कुणी विचारलं तर मी हेच सांगीन. न विचारता पण सांगीन."

दादा उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्ही? माझ्या घरात राहून?" मग तो माझ्याकडे वळला. "आणि तू? तू तर तिथं होतीस! रोज तिथं होतीस!"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही.

"तिला यातलं काही माहीत नव्हतं," अण्णा म्हणाले. "ती झाडाखाली बसून राहायची. शलाका तोंड बांधून यायची. वैजूनं तिला कधी पाहिलंच नाही. तिच्या परीनं तिनं खरंच लिहिलं आहे."

त्यांनी माझा कागद माझ्यापुढे सरकवला, हळूच, आणि आपला सही न केलेला दादापुढे.

"खरंय का, वैजू?" दादानं विचारलं.

आतल्या खोलीत मैतू कुशीवर वळली, पलंग करकरला. सगळे माझ्याकडे बघत होते, एकटे अण्णा सोडून. ते चष्मा काढून डब्यात ठेवत होते.

"हो," मी म्हटलं. "मला काही माहीत नव्हतं."

कागद वापरता आले नाहीत. कोर्टानं मैतूला वहिनीकडे दिलं, दादाला सुट्ट्यांमधले दिवस दिले. निकालानंतर कोर्टाच्या बोळात वहिनीनं मला घट्ट मिठी मारली. "तुझे उपकार नाही फिटायचे," म्हणाली. सहीचं तिला कधी कळलं नाही. आणि गोळ्याच्या गाडीचं दादाला कधी कळलं नाही. दोघांच्या लेखी मी चांगलीच राहिले.

दादा अण्णांशी त्या रविवारपासून बोलला नाही. एका घरात, एका ताटाच्या अंतरावर, सात वर्षं. काही सांगायचं असलं की माझ्याकडून सांगायचा. "त्यांना सांग, डॉक्टरची वेळ अकराची आहे." अण्णा ऐकत असायचे, तरी मी वळून त्यांना सांगायची, आणि ते म्हणायचे, "बरं."

दर भाऊबीजेला मी दादाला ओवाळायची. ओवाळून झालं, की तो माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "या घरात माझ्याशी खरं वागली ती फक्त माझी बहीण." अण्णा तिथेच खुर्चीवर बसलेले असायचे. ते गेले त्या वर्षापर्यंत दर वेळी असायचे. त्यांनी एकदाही काही म्हटलं नाही, आणि मीही नाही.